गुरुवारची सुट्टी

आमच्या पट्ट्यात रविवार गुरुवारी येतो. पिंपरी, चिंचवड, भोसरी, आकुर्डी आणि तिकडे चाकण-म्हाळुंगेपर्यंतच्या बऱ्याच कारखान्यांना साप्ताहिक सुट्टी गुरुवारची. सगळ्या कारखान्यांचा भार विजेवर एकदम पडू नये म्हणून वीज मंडळाने औद्योगिक भागांना वार वाटून दिले, त्यात आमच्या वाट्याला गुरुवार आला. मुलांची शाळा रविवारी बंद, बाप गुरुवारी घरी. रविवारची लग्नपत्रिका आली की घरात रजेचा हिशोब सुरू. आणि सुट्टी म्हणून मटण आणावं, तर निम्म्या घरांत गुरुवारचा उपास.

गेल्या हिवाळ्यात कॅलेंडर चाळताना लक्षात आलं की २५ डिसेंबर २०२५ हा गुरुवार आहे आणि १ जानेवारी २०२६ हाही गुरुवारच. पहिली तारीख देहूरोडची, दुसरी पेरणे फाट्यावरच्या जयस्तंभाची. एकीकडे लोकांनी आपला देव्हारा बदलला, दुसरीकडे आपला इतिहास हुडकून काढला. दोन्ही ठिकाणं माझ्या घरापासून फार लांब नाहीत, आणि मी दोन्हीकडे कधी गेलो नव्हतो.

राहायला तळेगाव दाभाडे, कामाला आकुर्डी. लोकलने घोरावाडी, बेगडेवाडी, देहूरोड, आकुर्डी असा प्रवास २२ वर्षं केला. २५ डिसेंबर कामाच्या दिवशी आला की सकाळच्या गाडीत पांढऱ्या साड्यांची, पांढऱ्या सदऱ्यांची गर्दी असायची. देहूरोड आलं की डबा अर्धा रिकामा व्हायचा आणि मला बसायला जागा मिळायची. त्या दिवसाशी माझी ओळख एवढीच.

आणखी एक गोष्ट आहे, ती आधीच सांगून टाकतो. मी शिफ्ट सुपरवायझर होतो. एका वर्षी माझ्या लाइनवरच्या ऑपरेटरने १ जानेवारीची रजा मागितली. "साहेब, मानवंदनेला जायचंय." मी अर्ज परत दिला. डिस्पॅच तुंबलं होतं, ते खरंच होतं. पण त्याआधीच्या आठवड्यात दुसऱ्या एकाला गावच्या जत्रेसाठी दोन दिवस सोडलं होतं, तेही खरंच होतं. तो काही बोलला नाही. अर्जाची घडी करून खिशात घातली आणि मशीनवर उभा राहिला. त्या घडीसाठी म्हणा, या दोन्ही गुरुवारी मी घराबाहेर पडलो.

देहूरोड

देहूरोड हे लष्कराचं गाव. दारूगोळ्याचा डेपो, ऑर्डनन्स फॅक्टरी, कॅन्टोन्मेंट. जुना मुंबई-पुणे महामार्ग गावाच्या पोटातून जातो. स्टेशनातून बाहेर पडलं की त्या दिवशी वाट विचारावी लागत नाही. गर्दी नेते तिकडे जायचं. निळे झेंडे, पंचशीलाचे झेंडे, दोन्ही बाजूंना पुस्तकांची दुकानं. एवढी पुस्तकं एरवीच्या जत्रेत दिसत नाहीत. चिवड्याच्या गाड्याला खेटून घटनेच्या प्रतींचा ढीग आणि मेणबत्त्यांच्या पुड्यांशेजारी बाबासाहेब आंबेडकरांच्या भाषणांचे खंड.

१९५४ साल बाबासाहेबांना सोपं गेलेलं नव्हतं. भंडाऱ्याची पोटनिवडणूक हरले होते, तब्येत ढासळत चालली होती. डिसेंबरात ते जागतिक बौद्ध परिषदेसाठी रंगूनला गेले. तिथून परतल्यावर २५ डिसेंबरला, शनिवारी, त्यांनी देहूरोडच्या विहारात रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती बसवली. नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची, म्हणजे तिला अजून पावणेदोन वर्षं होती. आज महाराष्ट्रात गावोगावी, वस्तीवस्तीत विहार आहेत. या विहारात मूर्ती आली तेव्हा इथे जमलेल्या माणसांचा धर्म कागदोपत्री बदललेलाही नव्हता.

त्या दिवशीच्या भाषणात त्यांनी दोन गोष्टी जाहीर केल्या. एक, सामान्य माणसाला कळेल अशा भाषेत बुद्धाच्या शिकवणीवर आपण ग्रंथ लिहीत आहोत. दोन, पंढरपूरचा विठोबा म्हणजे मुळात बुद्धच, आणि यावर प्रबंध लिहून तो पुण्याच्या भारत इतिहास संशोधक मंडळात वाचायचा बेत आहे. ग्रंथ झाला, पण तो छापून आला १९५७ साली, त्यांच्या मागे. प्रबंध वाचायचा राहूनच गेला. विठोबाविषयीचं त्यांचं मत पटो न पटो, ते मांडलं कुठे हे बघण्यासारखं आहे. तुकोबांचं देहू इथून पाच-सहा किलोमीटरवर.

इथे आधी चोखोबाचं देऊळ व्हायचं होतं, ही हकीकत देहूरोडला सांगितली जाते. ती ऐकताना मला पंढरपूरची चोखोबाची समाधी आठवली. महाद्वारासमोर, पायरीपाशी. सातशे वर्षांत जिथवर जाता आलं ती जागा म्हणजे ती पायरी. देहूरोडच्या लोकांनी पायरी सोडली आणि स्वतःचं दार बांधलं.

तारखेचंही एक आहे. २५ डिसेंबर १९२७ ला, रविवारी, महाडच्या परिषदेत मनुस्मृती जाळली. ठराव मांडला होता गंगाधर नीळकंठ सहस्रबुद्धे यांनी, आणि ते ब्राह्मण होते. परिषदेला जागा दिली फत्तेखान यांनी. एसटी नव्हती आणि खाजगी मोटारवाले न्यायला तयार नव्हते, म्हणून बाबासाहेब मुंबईहून बोटीने दासगावला उतरले. हक्काच्या जागेपर्यंत पोचायचं वाहन मिळवणं हीसुद्धा तेव्हा लढाई होती.

रांगेत माझ्या पुढे एक मावशी होत्या. चाकणच्या एका कंपनीत हाउसकीपिंगला, ठेकेदाराकडे. "पहिल्यांदा आलात वाटतं," त्यांनी माझ्याकडे बघून ओळखलं. मी हो म्हटलं. सुट्टी कशी मिळाली, असं मी सवयीने विचारलं. सुपरवायझरची सवय मोडत नाही. त्या हसल्या. "यंदा गुरुवार आलाय ना दादा. गुरुवारचा पगार नाय आम्हाला, पण खाडा पण नाय."

खाडा. हजेरीपटावरची रिकामी चौकट. ठेकेदाराकडच्या माणसाला रजा नसते, त्याला खाडा असतो. मावशींनी तिथल्याच दुकानातून नव्या वर्षाची दिनदर्शिका घेतली. मीही घेतली. घरच्या भिंतीवरच्या कॅलेंडरात २५ डिसेंबर लाल आहे तो नाताळसाठी. १ जानेवारी काळीच असते, सरकारी सुट्टी नाही. या दिनदर्शिकेत दोन्ही चौकटी भरलेल्या. १ जानेवारी, ११ एप्रिल, १४ एप्रिल, २० मार्च, २४ सप्टेंबर, ६ डिसेंबर. एका समाजाचं वर्ष कुठे कुठे थांबतं ते त्या बारा पानांवर कळतं.

सुट्टी कोणी दिली

परतताना गाडीत एक प्रश्न डोक्यात घोळत राहिला. स्मारकं बघायला सुट्टी लागते. मग सुट्टीचं स्मारक कुठे आहे?

नारायण मेघाजी लोखंडे. जन्म १८४८, मूळ गाव पुणे जिल्ह्यातलं कन्हेरसर, कर्मभूमी मुंबई. जोतीराव फुल्यांच्या सत्यशोधक समाजाचे कार्यकर्ते, 'दीनबंधू'चे संपादक. तेव्हा गिरणीत माणूस उजाडताना आत शिरायचा आणि अंधार पडल्यावर बाहेर यायचा, आठवड्याचे सातही दिवस. १८८४ च्या सप्टेंबरात लोखंड्यांनी कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या वाचल्या तर आज हसू येईल इतक्या साध्या आहेत. आठवड्यातून रविवारची एक सुट्टी. दुपारी अर्धा तास विश्रांती. काम सकाळी साडेसहा ते सूर्यास्तापर्यंतच. पगार पुढच्या महिन्याच्या १५ तारखेच्या आत. २४ एप्रिल १८९० ला महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर दहा हजार कामगार जमले, दोन बायका त्या सभेत बोलल्या. १० जून १८९० ला गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली. त्याच वर्षी २८ नोव्हेंबरला जोतीराव गेले. जिवंतपणी त्यांनी एवढं पाहिलं.

१८९७ चा प्लेग आमच्या भागात चापेकरांमुळे लक्षात आहे. चिंचवडला त्यांचा वाडा आहे, २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षीच्या ९ फेब्रुवारीला प्लेगने लोखंडे गेले आणि १० मार्चला, रुग्णांची सेवा करता करता, सावित्रीबाई. शाळेत रँड पाठ केला. लोखंड्यांचं नाव मला कारखान्यात लागल्यावरही कोणी सांगितलं नाही.

सुट्टी मिळाली, पण ती बिनपगारी. पगारी सुट्टीचा धागा पुन्हा बाबासाहेबांपाशी येतो. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य होते. १९४५ च्या कारखाना कायद्यातल्या दुरुस्तीने वर्षभर काम केलेल्या प्रौढ कामगाराला दहा दिवसांची पगारी सुट्टी मिळाली. १९४६ च्या दुरुस्तीने बारमाही कारखान्यांतले आठवड्याचे तास ५४ वरून ४८ वर आले. आठ तासांची पाळी, सहा दिवसांचा आठवडा. आमच्या पट्ट्यात घंटा वाजते ती त्या हिशोबाने.

तळेगावातही बाबासाहेबांचं घर आहे, आता स्मारक म्हणून जपलेलं. मी तळेगावचा. पाहुणे आले की त्यांना मी शिरगाव, कार्ले दाखवतो. या घरात पहिल्यांदा गेलो तो नोकरी सुटल्यावर. पगारी रजेतला एक दिवस त्यासाठी कधी खर्चला नव्हता.

पेरणे

दुसरा गुरुवार, १ जानेवारी. तळेगावहून चाकणमार्गे शिक्रापूरला जाणारा रस्ता या भागातल्या माणसाला सांगायला नको. म्हाळुंग्यापासून चाकणच्या तळेगाव चौकापर्यंत कंटेनर आणि ट्रेलर यांच्यामधून मोटारसायकल काढणं हे आमचं रोजचं कौशल्य. पण दर वर्षी या दिवसासाठी पोलीस वाहतूक वळवतात, चाकण-शिक्रापूर रस्त्यावर जड वाहनांना बंदी येते. गाड्यांचे सुटे भाग वाहणारा रस्ता एक दिवस माणसं वाहतो. टेम्पो, जीप, एसटी, मोटारसायकलच्या टाकीवर बसवलेलं पोर आणि हँडलला निळा झेंडा. बहुळ मागे पडलं, शेलपिंपळगावला भीमा ओलांडली. पुढे हीच नदी पेरण्याला पुन्हा भेटते. शिक्रापूरच्या अलीकडे गाडी लावायची आणि पुढे पीएमपीच्या बसने जायचं, अशी सोय प्रशासन करतं. स्तंभ पेरणे गावच्या हद्दीत, हवेली तालुक्यात. कोरेगाव भीमा पलीकडच्या काठाला, शिरूर तालुक्यात.

हा स्तंभ ज्या लढाईचा, तिची हकीकत थोडक्यात अशी. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन फ्रान्सिस स्टाँटनची सुमारे आठशेची तुकडी शिरूरहून पुण्याच्या मदतीला निघाली. सकाळी कोरेगावला समोर दुसऱ्या बाजीरावाचं कितीतरी पटींनी मोठं सैन्य. दिवसभर गावाच्या गल्लीबोळांत झुंज झाली, तुकडीला अन्नपाणी मिळालं नाही. रात्री पेशव्याचं सैन्य निघून गेलं. जुन्या कॅलेंडरचा हिशोब मांडला तर १ जानेवारी १८१८ लाही गुरुवारच होता.

लढाई कंपनी सरकार आणि पेशवे यांच्यातली. दोन्हीकडे नाना जातींची, धर्मांची माणसं होती. इतिहासाचे अभ्यासक यावर बोट ठेवतात आणि ते बरोबर आहे. मग एवढी लाखो माणसं इथे का येतात? उत्तर स्तंभावर कोरलेल्या नावांत आहे. तिथे ४९ नावं आहेत आणि त्यांतली २२ 'नाक' या अक्षरांनी संपतात. तेव्हाच्या महार पुरुषाच्या नावाची ती खूण. आज ती आडनावांतून, कागदांतून गेली आहे. गावाच्या वेशीत ज्याची सावली चालत नव्हती, त्याचं नाव बापाच्या नावासकट दगडात, इतरांच्या रांगेत, त्याच उंचीवर. लेखी पुरावा म्हणतात तो हाच. माझ्या पुढच्या तरुणाने आपल्या मुलाला कडेवर घेतलं आणि बोट धरून एकेक 'नाक' मोजायला लावलं. पोराची मोजणी सातापुढे गोंधळली. बाप पुन्हा एकपासून.

हा पुरावा पुढे कामीही आला. १८९२-९३ च्या सुमारास इंग्रजांनी महारांची भरती बंद केली. ज्यांच्या नावाचा स्तंभ उभारला त्यांनाच 'लढाऊ जात' मानायला नकार. पुण्याचे शिवराम जानबा कांबळे यांनी सरकारकडे अर्जांवर अर्ज केले आणि लोकांना या स्तंभापाशी जमवलं. १ जानेवारी १९२७ ला बाबासाहेब इथे आले. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत महाडला चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत आलं. १९४१ मध्ये महार रेजिमेंट उभी राहिली तेव्हा तिच्या बोधचिन्हावर हाच स्तंभ होता. अर्ज, सभा, नोंदी, तारखा असं चिकाटीने करत गेल्यावर लढाईच्या खुणेचा हक्काचा दाखला झाला.

२०१८ च्या १ जानेवारीला इथे दंगल झाली, एका तरुणाचा जीव गेला, निवृत्त मुख्य न्यायमूर्ती जे. एन. पटेल यांचा चौकशी आयोग नेमला गेला. त्या दिवसाची सावली अजून पोलिसांच्या संख्येत दिसते. पण रांगेत बसून शेव-चपातीचा डबा सोडणाऱ्या कुटुंबाच्या चेहऱ्यावर ती दिसत नाही. ही माणसं भांडायला आलेली नसतात. पोरांना नावं दाखवायला येतात आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातात.

मेम्फिसचे सफाई कामगार

अशाच एका सुट्टीची गोष्ट अमेरिकेत आहे. १९५९ साली मार्टिन ल्यूथर किंग भारतात येऊन गेले होते. ४ एप्रिल १९६८ ला ते मेम्फिस शहरातल्या लॉरेन मोटेलच्या गॅलरीत मारले गेले. ते तिथे गेले होते सफाई कामगारांच्या संपासाठी. कचऱ्याच्या गाडीच्या यंत्रात सापडून दोन कामगार मेले, तेव्हा सुमारे तेराशे जण संपावर गेले होते. आज ते मोटेल संग्रहालय आहे आणि जानेवारीतल्या तिसऱ्या सोमवारी किंग यांच्या नावाची राष्ट्रीय सुट्टी असते. कायदा १९८३ चा, पहिली सुट्टी १९८६ ला. त्याआधी काही कामगार संघटनांनी हा दिवस आपल्या करारात मागून घेतला होता. सरकारच्या आधी तो कामगारांनी लाल केला.

पुण्याकडे पाहिलं तर अशा जागा हाताच्या अंतरावर आहेत. गंज पेठेत फुलेवाडा, आणि तिथला हौद जो जोतीरावांनी १८६८ मध्ये सगळ्यांना खुला केला. बुधवार पेठेत भिडेवाडा, जिथे १ जानेवारी १८४८ ला मुलींची शाळा सुरू झाल्याचं मानलं जातं. जुना वाडा डिसेंबर २०२३ मध्ये पाडला, तिथे स्मारक व्हायचं आहे. पर्वती, जिथे १३ ऑक्टोबर १९२९ ला मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. येरवड्याचा तुरुंग, जिथे २४ सप्टेंबर १९३२ ला पुणे करारावर सह्या झाल्या. पिंपरीत महापालिकेजवळच्या पुतळ्याशेजारी भीमसृष्टी आहे. बाबासाहेबांच्या आयुष्यातले प्रसंग तिथे भित्तिशिल्पांत आहेत. मेट्रोतून उतरून पाच मिनिटांत बघायला जाता येतं. मुलांना घेऊन जा. दिवसभराची सहल होते.

रजेचा अर्ज

पण जायचं कधी? कायम कामगाराला रजा आहे, त्याने ती घ्यावी. आमच्या पट्ट्यात आता कायम कामगार शोधावा लागतो. ट्रेनी, अप्रेंटिस, ठेकेदाराची माणसं. त्यांच्या हजेरीपटावर फक्त दोन खुणा, हजर आणि खाडा. लोखंड्यांनी मागितलेला सुट्टीचा दिवस त्यांना मिळतो, बाबासाहेबांच्या काळात आलेली पगारी रजा मिळत नाही. १८९० आणि १९४५ यांच्या मधल्या कुठल्यातरी वर्षात ही माणसं अजून काम करताहेत, तेही सीएनसी मशीनवर. स्मारकं उभी करण्यात आपण मागे नाही. स्मारकाकडे जायचा दिवस मात्र कामगाराला पगार गमावून घ्यावा लागतो, आणि हे मला लाजिरवाणं वाटतं.

माझ्या लाइनवरच्या त्या ऑपरेटरला मी पेरण्यात शोधत होतो, असं लिहिलं तर नाटकी होईल. लाखोंच्या गर्दीत कोण सापडतं? आणि सापडला असता तर मी काय बोललो असतो?

यंदा २५ डिसेंबर शुक्रवारी आहे आणि १ जानेवारीही शुक्रवारी. म्हणजे आमच्या पट्ट्यात दोन्ही कामाचे दिवस. हा अंक कुठल्याशा कंपनीच्या कँटीनमध्ये, एखाद्या शिफ्ट सुपरवायझरच्या हातात पडेल अशी आशा आहे. साहेब, डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तुमच्या टेबलावर एक अर्ज येईल. डिस्पॅच तेव्हाही तुंबलेलं असेल. सही करा.